कुडमुडे: नाम की विशेषण?

साहित्यिक चर्चासत्रांना नेमाने हजेरी लावणाऱ्यांना 'कुडमुडे' हा शब्द नव्याने सांगायला नको. कुडमुडे समीक्षक, कुडमुडे अर्थशास्त्री, कुडमुडे राजकीय पंडित... ज्ञान तुटपुंजे आणि आवाज मोठा अशा माणसाला हे विशेषण लावण्याची मराठीत जुनी रीत आहे. निवडणुका आल्या की वृत्तपत्रांच्या स्तंभांतून या शब्दाला विशेष बरकत येते. आम्ही दोघे सोलापुरातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो; एकीकडे लोकसाहित्याची अभ्यासपत्रिका, दुसरीकडे भाषाविज्ञानाची. अर्थापकर्षाचे उदाहरण म्हणून हा शब्द वर्गात फार सोयीचा. मूळ नाम, त्याचे विशेषण झाले, विशेषणाची शिवी झाली. कुडमुडे म्हणजे डमरूच्या घाटाचे, मुठीत मावणारे एक चर्मवाद्य. ते वाजवीत दारोदार फिरून भविष्य सांगणारा तो कुडमुड्या जोशी. इतके सांगून फळा पुसायचा आणि पुढच्या शब्दाकडे वळायचे, असा आमचा क्रम असे.

ज्याच्या नावावरून ही शिवी आली तो माणूस आमच्या महाविद्यालयापासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर, न्यायालयाच्या कुंपणाला पाठ लावून बसतो, हे आम्हांला ठाऊक होते. त्याची मुलगी आमच्याच द्वितीय वर्षाच्या वर्गात बसते, हे मात्र एका प्रकल्पामुळे कळले. लोकसाहित्याच्या विद्यार्थ्यांना आम्ही दरवर्षी एखाद्या लोककलावंताची किंवा परंपरागत व्यावसायिकाची मुलाखत ध्वनिमुद्रित करून आणायला सांगतो. बहुतेक मुले आजीच्या ओव्या आणतात. (आजी हा मराठी विभागांचा अक्षय ठेवा आहे.) या मुलीने 'रस्त्यावरचे एक ज्योतिषी' अशा शीर्षकाची पन्नास मिनिटांची मुलाखत आणली. बोलता बोलता मुलाखत देणारा मध्येच म्हणतो, "बाळे, पाणी दे गं जरा." आम्ही ध्वनिमुद्रण थांबवून एकमेकांकडे पाहिले.

पुढे दीडएक वर्ष आम्ही त्यांच्याकडे जात राहिलो. त्यांना आम्ही काका म्हणतो; ते आम्हांला सर आणि मॅडम म्हणतात आणि 'तुम्ही शिकलेली माणसं' असे म्हणून वाक्याची सुरुवात करतात. हात दाखवायला आम्ही गेलो नव्हतो आणि त्यांनीही तो कधी मागितला नाही.

त्यांच्या वडिलांचा धंदा निराळा होता. सुगी संपली की वडील पहाटे तीनच्या सुमारास कंदील घेऊन गावात शिरत. डोक्याला पागोटे, अंगात जुना कोट, खांद्यावर झोळी, काखेत पंचांग, हातात कुडमुडे. पिंगळा नावाचे छोटे घुबड रात्री जे बोलते ते याला कळते, असा समज. म्हणून या फेरीवाल्याचेही नाव पिंगळा पडले. अर्धवट झोपेत असलेल्या घरासमोर उभे राहून तो त्या घराचे बरेवाईट सांगे आणि निघून जाई. धान्य मागायला मात्र दिवसा परत येई. मंगळवेढ्याकडची ज्वारी, जुनेर, कधी एखादे आणे-दोन आणे. काका म्हणाले, "रात्री सांगायचं आणि दिवसा मागायचं, असा नियम होता. मधल्या वेळात बाईमाणूस त्या बोलण्यावर विचार करायची. दिवसा आम्ही गेलो की तीच पुढचं सांगायची, आम्ही नुसतं हो म्हणायचं." निवेदनाच्या तंत्राबद्दल इतके नेमके वाक्य आम्ही कथनमीमांसेच्या एखाद्या पुस्तकात वाचल्याचे स्मरत नाही.

काकांनी फेरी सोडली ती दहा-अकरा वर्षांपूर्वी. गावांत पहाटे अनोळखी माणूस दिसला की लोक चोर म्हणून मागे लागतात, हे एक कारण. मुले पळवणाऱ्यांच्या अफवांनी भटक्या माणसांचे काय केले हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याने दाखवले. तिथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी जमावाने ठार मारले. त्यांतले बहुतेक जण आपल्याच सोलापूर जिल्ह्याकडचे होते. काका त्याआधीच शहरात बसू लागले होते. पण त्यांचे दोन भाऊ अजून फिरत होते, त्यांनी त्या पावसाळ्यानंतर झोळी खुंटीला लावली.

बसण्याची जागा निवडण्यात सगळी विद्या आहे, असे त्यांचे मत. देवळाची पायरी त्यांना फारशी मानवत नाही. देवळातून बाहेर पडलेल्या माणसाने आपले गाऱ्हाणे नुकतेच एकाकडे टाकलेले असते, तो लगेच दुसऱ्याकडे ते मांडत नाही. न्यायालय, सरकारी दवाखाना, भरतीचे मैदान, निकालाच्या दिवसांत महाविद्यालयाचा रस्ता: जिथे काहीतरी ठरायचे बाकी असते आणि वाट पाहण्याखेरीज हातात काही नसते, तिथे बसायचे. मंगळवारी तुळजापूर, गुरुवारी अक्कलकोट, एकादशीला पंढरपूरचे वाळवंट असा त्यांचाही वार लावलेला आहे, पण ती वरकड कमाई. खरी कमाई तारखांवर चालते. ज्या दिवशी न्यायालयात वाटणीचे दावे जास्त लागतात त्या दिवशी सकाळी आठलाच सतरंजी टाकावी लागते. तीनशे-चारशे रुपये सुटले तर दिवस चांगला. हात पाहण्याचे वीस रुपये, 'नीट' पाहण्याचे पन्नास. यातला फरक विचारल्यावर ते म्हणाले, "पन्नासात माणूस जास्त बोलतो."

सामान थोडके: रंगवलेल्या तळहाताची पत्र्याची पाटी, एक भिंग, कव्हर गेलेले हस्तसामुद्रिकाचे पुस्तक, देवादिकांच्या चार तसबिरी आणि चालू वर्षाचे पंचांग. भिंगाचा उपयोग रेषा पाहण्यासाठी नाही. हात धरून, भिंगात मान घालून बसले की समोरच्याला आपला चेहरा दिसत नाही आणि आपल्याला त्याच्या पायांकडे पाहता येते. माणूस चेहरा सांभाळतो, पाय सांभाळत नाही. चप्पल नवी आहे आणि तिला शेतातली माती लागली आहे, म्हणजे घाईने निघाला. बाई एकटी आली आणि सारखी रस्त्याकडे बघते, म्हणजे घरी न सांगता आली. दोन भाऊ आले तर हात पुढे करील तो धाकटा. थोरला मागे उभा राहून नुसता ऐकतो. विडी वळणाऱ्या बायकांची बोटे पाहिली की वय, मजुरी आणि घरातली कमावती माणसे यांचा अंदाज बांधता येतो, आणि सोलापुरात अशा बायका पुष्कळ.

मग पहिले वाक्य. ते असे हवे की कोणाच्याही आयुष्यात बसावे आणि ऐकणाऱ्याला ते आपल्यापुरतेच वाटावे. 'तुम्ही दुसऱ्यासाठी जेवढं करता तेवढं तुमच्यासाठी कोणी करत नाही.' काकांच्या सांगण्याप्रमाणे चाळीस वर्षांत हे वाक्य कोणी नाकारलेले नाही. बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना प्रत्येकाचे 'स्वतंत्र' व्यक्तिमत्त्ववर्णन म्हणून एकच मजकूर वाटला होता. मुलांनी त्याला अचूकतेबद्दल ५ पैकी सरासरी ४ हून अधिक गुण दिले. तो मजकूर त्याने भविष्याच्या एका बाजारू पुस्तकातून उचलला होता. कुंपणाशेजारी बसलेल्या माणसाला हे ठाऊक असण्यासाठी फोररची गरज पडलेली नाही, इतकेच.

आर. के. नारायण यांची 'अ‍ॅन अ‍ॅस्ट्रॉलॉजर्स डे' ही कथा इंग्रजीच्या अभ्यासक्रमांतून बहुतेकांनी वाचलेली असते. शेजारच्या विक्रेत्यांच्या दिव्यांच्या उजेडावर आपला धंदा चालवणारा तो मालगुडीचा ज्योतिषी ज्याला मारून टाकले असे समजून गाव सोडून आला, तोच मनुष्य एका रात्री गिऱ्हाईक म्हणून त्याच्यापुढे येऊन बसतो. कथा अप्रतिम आहे. तरीही काकांच्या सहवासानंतर तिच्यात एक गोष्ट खटकू लागली: नारायणांना कथेसाठी गुपित हवे होते, म्हणून त्यांनी ज्योतिष्याला भूतकाळ दिला आणि त्याचा धंदा योगायोगाने आलेला ठेवला. मुलीच्या ध्वनिमुद्रणातल्या माणसाकडे गुपित नाही, पिढ्या आहेत. मराठीत हा माणूस त्यामानाने लवकर आला. एकनाथांच्या भारुडांत वासुदेवाच्या जोडीने जोशीही आहे. तो रायाचा जोशी म्हणून येतो, होरा ऐकायला लोकांना जमवतो आणि देहाच्या गावचा पाटील जो मन त्याच्यावर विसंबू नका असे बजावतो. पैठणच्या एका विद्वान घरातल्या माणसाला आपले तत्त्वज्ञान सांगायला याचे सोंग घ्यावेसे वाटले, हे आम्ही वर्गात नेहमी सांगतो. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा'त (१९१५) मात्र फिरस्त्यांकडे पाहण्याची नजर कुणब्याच्या खळ्यावरची आहे. दारी येणारा प्रत्येक झोळीवाला तिथे धान्याच्या राशीतली घट म्हणून मोजला जातो. हिशेब म्हणून आत्र्यांचे चूक नाही. हिशेबाच्या पलीकडे त्यांना जावेसे वाटले नाही.

आमची भूमिका इथेच सांगून टाकतो. ग्रहांवरून किंवा तळहातावरून भविष्य कळते असे आम्ही मानत नाही. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पुण्यात घेतलेली चाचणी प्रसिद्ध आहे. हुशार आणि मतिमंद मुलांच्या मिळून २०० पत्रिका जमवून त्यांतल्या प्रत्येकी ४० ज्योतिष्यांना दिल्या. २७ जणांनी उत्तरे पाठवली आणि बरोबर उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के आले. नाणेफेकीने यापेक्षा थोडे बरे जमले असते. या चाचणीविषयी काकांना सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "पत्रिकेबरोबर मुलं आणली नव्हती का? नुसत्या कागदावरून कसं सांगणार?" आक्षेप मासलेवाईक आहे, चाचणीचा सगळा मुद्दाच त्यात आला.

खटकते ते वेगळेच. दाते पंचांग आमच्याच सोलापूरचे, शंभरांहून अधिक वर्षे चालत आलेले. ते घरात भिंतीवर किंवा देव्हाऱ्याजवळ असते आणि काकांच्या सतरंजीवरही. मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेत होमविधीनंतर भाकणूक होते. उपाशी ठेवलेल्या वासरापुढे निरनिराळे पदार्थ मांडून ते कशाला तोंड लावते, बुजते की शांत राहते, यावरून पावसापाण्याचा नि बाजारभावांचा अंदाज सांगतात आणि दुसऱ्या दिवशी तो वर्तमानपत्रांत छापून येतो. बुलडाणा जिल्ह्यातील भेंडवळची अक्षय्यतृतीयेची घटमांडणी तर आता दूरचित्रवाणीवर दिसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये विद्यापीठांतून 'ज्योतिर्विज्ञान' शिकवायचे ठरवले. त्याला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये फेटाळले. २०२१ मध्ये इग्नूने ज्योतिषाची एम.ए. सुरू केली. म्हणजे हेच ज्ञान वातानुकूलित कार्यालयात, मोबाइलच्या पडद्यावर आणि पदव्युत्तर वर्गात सन्मानाने नांदते. कुडमुडे म्हणजे खोटे, असा या विशेषणाचा अर्थ असता तर तो या सगळ्यांना लागू झाला असता. लागू होतो तो जमिनीवर बसलेल्या एकट्याला.

कायद्यानेही या माणसाला धड एका ठिकाणी ठेवलेले नाही. मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियम, १९५९ मध्ये भिक्षा मागणे म्हणजे काय हे सांगताना गाणे, नाचणे यांच्याबरोबर भविष्य सांगणे हे निमित्तही नावानिशी घातले आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास किमान १ आणि कमाल ३ वर्षे भिक्षेकरीगृहात. दिल्लीपुरत्या या कायद्याच्या मुख्य तरतुदी तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवल्या. महाराष्ट्रात ते झालेले नाही. उलट डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने जोशी-ज्योतिषी आणि नंदीबैलवाले ज्योतिषी यांचा सल्ला, वास्तुशास्त्राच्या सल्ल्याप्रमाणेच, आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमात रस्त्यावर सेवा देणाराही पथविक्रेता ठरतो. आता तळहात पाहणे ही सेवा की भिक्षेचे निमित्त, हे पाटी उचलून नेणारा शिपाई त्या त्या सकाळी ठरवतो. काकांचे मेहुणे पोपट बाळगीत. पोपट पिंजऱ्यातून बाहेर येऊन पाकीट काढी, त्याला दाणा मिळे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या धाकाने त्यांनी तो सोडून दिला. पोपट गेल्याचे काकांना वाईट वाटते ते व्यावहारिक कारणाने: "पोपट असला की चूक त्याची असते."

टाळेबंदीच्या २०२० सालात अनोळखी माणसाचा हात हातात घेणे हाच गुन्हा होऊन बसला. ते वर्ष काकांनी कांदे विकले.

आता मुलीविषयी. तिला बी.एड. करायचे आहे. महाराष्ट्राच्या यादीत भटक्या जमाती (ब) या गटात 'जोशी' अशी नोंद असून तिच्या पोटात बुडबुडकी, डमरूवाले, कुडमुडे, मेढंगी, सरोदे, सहदेव जोशी अशी नावे आहेत. प्रवेशासाठी जातीचा दाखला आणि त्यावर वैधता प्रमाणपत्र लागते. भटक्या जमातींच्या बाबतीत २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वी कुटुंबाचे वास्तव्य कोठे होते याचा पुरावा मागतात. पालाला घर क्रमांक नसतो, तेव्हा ज्यांची ओळखच भटके म्हणून आहे त्यांनी तो कोठून आणायचा, हा प्रश्न पूर्वीही अनेकांनी मांडला आहे. या मुलीच्या बाबतीत त्याला आणखी एक पीळ पडला. घरातला सर्वांत जुना कागद म्हणजे काकांचा शाळा सोडल्याचा दाखला, आणि त्यावर जातीच्या रकान्यात आहे 'हिंदू जोशी'. खिडकीमागच्या कारकुनाने तो पाहून सहज विचारले, "जोशी म्हणजे ब्राह्मण ना? मग हा अर्ज कशाला?"

कारकुनाच्या ठिकाणी दुसरे कोणी असते तरी हेच विचारले असते. वतनदार ग्रामजोशी, ज्याच्या दक्षिणेचा हिशेब जोतीरावांनी 'ब्राह्मणांचे कसब' (१८६९) मध्ये जन्मापासून मरणापर्यंत मांडला, आणि पहाटेचा हा झोळीवाला, दोघांचेही नाव जोशी. एकाला गावाने घर दिले होते, दुसऱ्याला वेशीबाहेरचे माळरान. दोघांत फरक करणारा शब्द एकच, 'कुडमुडे'. आणि तो दाखल्यावर नाही. का नाही, हे काकांनी सांगितले. नाव घालताना मास्तरांनी विचारले होते, कुठले जोशी? काकांच्या वडिलांनी उत्तर दिले, "नुसतं जोशी लिहा, मास्तर. पोरं हसतात." मास्तर भला माणूस होता, त्याने तसेच लिहिले.

ही हकीकत ऐकल्यापासून अर्थापकर्षाचा तो तास आम्हांला पूर्वीसारखा घेता आलेला नाही. भाषाविज्ञानात शब्दाची घसरण दाखवताना आपण वर-खाली बाण काढतो. घसरलेल्या शब्दाखाली कोण सापडले हे पाहण्याची सोय त्या आकृतीत नसते. मराठी लेखक-वाचकांनी चेष्टेत वापरून वापरून जो शब्द एका आजोबाला लाजिरवाणा केला, तोच आज नातीला कागदावर हवा आहे.

आम्ही दोघांनी जमेल ते केले. जुन्या शाळांची नोंदवही पाहायला दोन गावी गेलो. एकीत १९६१ आधीची पाने वाळवीने खाल्ली होती, दुसरीत चुलतआजोबांचे नाव सापडले, पण जातीचा रकाना कोरा. मुलीने स्वतः एक युक्ती काढली. द्वितीय वर्षाचा तो प्रकल्प तिने पुन्हा लिहिला. शीर्षकातील 'रस्त्यावरचे एक ज्योतिषी' खोडून 'माझे वडील: कुडमुडे जोशी' असे केले. बोटांच्या खुणांनी बोलण्याची करपल्लवी, जिच्या आधारे पुढे गेलेला सोबती मागच्याला घरातली बातमी देई, तिची चित्रे वडिलांकडून समजून घेऊन काढली आणि ते सगळे अर्जाला जोडले. अधिकृत पुरावा म्हणून त्याला किती किंमत मिळेल हे सांगता येत नाही. मौखिक परंपरेचा दस्तऐवज म्हणून मात्र तो आमच्या विभागात गेल्या पंधरा वर्षांत आलेल्या कोणत्याही प्रबंधिकेपेक्षा सरस आहे.

चौकशीसाठी माणूस घरी येणार आहे. परंपरागत व्यवसायाच्या काही खुणा घरात असतील तर काढून ठेवा, असा निरोप आला. पागोटे आहे, झोळी आहे, वडिलांच्या हातचे तेलकट झालेले एक पंचांग आहे. कुडमुडेही आहे, पण अकरा वर्षे खुंटीला लटकून त्याचे एका बाजूचे कातडे फाटले आहे. काकांना ते तसे दाखवायचे नाही. न वाजणारे वाद्य काढून ठेवले तर कोणी आणून टांगले असेल असे वाटेल, असे त्यांचे म्हणणे. इतके लहान तोंड मढवणारा कारागीर आता सहज मिळत नाही, हलगीवाले नको म्हणतात. मागच्या रविवारी ते मोहोळ भागातली दोन गावे पालथी घालून आले. एक म्हातारा तयार झाला आहे. पावसाळी हवेत कातडे ताणून बसत नाही, आठ दिवस उघडीप हवी, असे तो म्हणतो. चौकशीची तारीख अजून कळवलेली नाही.